सेंट नको, पंधरा मिनिटं काढ

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

सायकलीवर कामाला जायला लागलास, वाचून बरं वाटलं. जळगावात पिंप्राळ्याहून एमआयडीसीत पोचेस्तोवर पार अवतार होतो म्हणतोस, आणि सेंट कोणतं घेऊ विचारतोस. घेऊच नकोस. घामावर सेंट मारलं की एकाचे दोन वास होतात.

तू उशिरा निघतोस, तिथंच सगळं बिघडतं. चालत्या सायकलीवर वारा लागतो, त्यात आपली हवा कोरडी. घाम जागीच उडून जातो. उतरलास की वारा बंद, अंग मात्र तापलेलंच. खरा घाम फुटतो तो पार्किंगमध्ये, आणि नेमका तेव्हाच तू इस्त्रीचा शर्ट चढवतोस! पंधरा मिनिटं आधी पोच. शेवटचा किलोमीटर रमतगमत ये. पंख्याखाली बनियनवर बस, पाणी पी. अंग निवलं की ओल्या नॅपकिनने मान, काखा, पाठ पुसून कोरडी कर, मग शर्ट. नुसता वाळू दिलास तर घाम जातो, मीठ अंगावरच राहतं. गडद शर्टावर पांढरे नकाशे उठतात. ताज्या घामाला तसा फार वास नसतो. कातडीवरचे जिवाणू त्यावर पोसले की येतो. त्याला अंघोळीनंतर ओली तुरटी काखेत फिरवायची, न्हावी दाढीनंतर लावतो तीच. सेंटपेक्षा स्वस्त.

पाठीवरची सॅक कॅरियरला बांध. निम्मी पाठ तिनेच भिजते. बूट आणि एक पँट ऑफिसातच ठेव. शर्ट घडी न घालता गुंडाळून ने, चुण्या कमी पडतात. चालवताना उन्हाळ्यात जुना सुती सदरा बरा. पावसाळ्यात सुती वाळत नाही, तेव्हा पॉलिस्टर घाल. पण ते वास धरून बसतं, रोज पाण्यातून काढ.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तुला सकाळी मागून ढकलेल. मजा वाटेल, पण मागचा वारा अंगाला लागत नाही, वर हवा दमट. त्या दिवसांत पंधराची पंचवीस मिनिटं धर. संध्याकाळी तोच वारा तोंडावर येईल. पण घरीच जायचंय, कोण बघतंय!

आपली काळी माती तर माहीतच आहे. दोन्ही चाकांना मडगार्ड हवंच. हाफपँट आणि सँडलवर ये, नळावर पाय धू. शिंतोडा उडालाच तर ओला चोळू नकोस, वाळल्यावर ब्रशने झटक.

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की सरळ बसने जा. उन्हाशी पैज लावू नये. सकाळचं निभावेल, पण सुटताना रस्ता भाजत असतो.

आणि साहेबांकडे भिंतीला एक खिळा माग, नॅपकिन वाळत घालायला. ओला ड्रॉवरमध्ये कोंबलास तर दुपारपर्यंत शेजारचं टेबल रिकामं होईल.

तुझा,
आप्पा