अक्षता सोहळ्याचं लाइव्ह रेकॉर्ड करायला कुठलं सॉफ्टवेअर?
गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळचं लाइव्ह लॅपटॉपवर ठेवायचंय ना, मग ओबीएस स्टुडिओ घ्या की, फुकट आहे, स्क्रीन आणि आवाज दोन्ही घेतं. फक्त सेटिंगमध्ये फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, साधा एमपी४ नको, कारण मागच्या वर्षी आमच्याकडं ऐन अक्षता पडताना लाइट गेली, जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच, अन् तासाभराची फाईल उघडेचना. एमकेव्हीत तेवढ्यापर्यंतचं तरी राहतं, नंतर फाईल मेनूतल्या रीमक्सनं एमपी४ करून घ्यायचं. नुसतं नंदीध्वजाच्या मिरवणुकीचं हलगी-बिलगी ऐकायचं असेल तर आवाज रेकॉर्ड करणारं ऑडॅसिटी बास, त्यात होस्ट वासापी (WASAPI, विंडोजची आवाजाची सोय) करा आणि रेकॉर्डिंगला स्पीकरचा लूपबॅक (लॅपटॉपवर वाजतोय तोच आवाज) निवडा, नाहीतर माईकमधून घरातल्यांच्या गप्पाच येतात. १२८ केबीपीएस एमपी३ तासाला साधारण ५८ एमबी.