आरएक्स उठत नाही? आधी प्लग काढ

अरे, किका मारून दम घालवू नकोस. डर्टसाठी, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी, केलेली यामाहाची आरएक्स हंड्रेड बाइक रुसली की पहिल्यांदा ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढायचा, अर्धं दुखणं तोच सांगतो.

ओला, काळा निघाला तर गाडी फ्लड झालीय, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. चावी आणि पेट्रोलचा कॉक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगविना सात-आठ किका. मग नवा प्लग. ठिणगी बघायची तर प्लग हेडला टेकव, पण भोकापासून लांब; माझ्या भुवया एकदा जळाल्यात.

कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीचा खालचा स्क्रू सैल कर. पेट्रोल आलं तर पायलट जेट, म्हणजे आतली पेट्रोलची बारीक भोकाची नळी, चोंदलाय. तार घालू नकोस, भोक मोठं होतं, हवा मार.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक, तरी ढिम्म? मग क्रँकचं ऑइल सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरची रबरी कडी, बघ. अशा टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीत, दाबलं जातं, तिथे हवा शिरली की संपलं. हे न कळून मी नवा पिस्टन बसवला होता, पैसे पाण्यात.

इंजिनाला आपोआप ऑइल देणारा ऑइलपंप काढलाय का? मग पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक ऑइल लिटरला २५ मिली, म्हणजे चाळीसला एक, मोजून घाल. महिनोन्महिने पडलेलं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण असेल तर आधी टाकी रिकामी कर. प्लगचा रंग कळव.