त्या बाईला बोलावू, भावाला नको

प्रश्न : सिस्टर, मागच्या मे महिन्यात माझी आई नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, वारली. पहाटेची वेळ होती. मोठा भाऊ रात्रभर तिथंच होता, पण डॉक्टरांनी सांगितलं आणि तो वॉर्डाबाहेर निघून गेला. आईला खाली नेईपर्यंत आत फिरकला नाही. मी खाटेपाशी नुसती उभी. तेव्हा बाजूच्या पेशंटची बायको उठली. सौंसरकडची, ना ओळख ना पाळख. तिनं आईचे डोळे मिटवले, स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून हनुवटी बांधली, पायाचे अंगठे जोडून बांधले. आईच्या पाटल्या आणि कानातलं काढून माझ्या रुमालात ठेवलं. "रडशील मंग, आधी मोजून घे," म्हणाली. मग चहा आणून पाजला. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. तेरवीनंतर भावाशी माझं बोलणं नाही. आता वर्षश्राद्ध आलंय. मला ते माझ्या घरी करायचंय, त्या बाईला शोधून साडीचोळी द्यायचीय आणि भावाला बोलवायचं नाही. परकी बाई धावली, पोटचा पोरगा आला नाही. वॉर्डातून तिचा पत्ता मिळेल का?
— एक बहीण, प्रतापनगर

उत्तर : ताई, पत्त्याचं आधी सांगते. मिळणार नाही. माझी सगळी नोकरी त्याच वॉर्डांमध्ये गेली. केसपेपरवर पत्ता असतो, पण पेशंटची माहिती बाहेरच्या माणसाला देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथल्या सिस्टरला त्यासाठी गळ घालू नका. शिवाय त्या बाईचा नवरा बरा होऊन घरी गेला की नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमची साडी कोणत्या दिवशी, कशा घरात जाऊन पडेल, सांगता येत नाही.

अशा बाया मी खूप पाहिल्या. सौंसर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट; 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, आणि दुखणं मोठं असलं की तिकडची माणसं अजूनही नागपूरचीच वाट धरतात. सोबतीला आलेली बाई खाटेखाली चटई टाकून झोपते, नळावर कपडे धुते आणि चार दिवसांत आख्ख्या वॉर्डाची होऊन जाते. कुणाचं सलाईन संपत आलंय, हे आमच्या आधी तिला दिसतं. बाजूची खाट रिकामी होतानाही तिनं पाहिलेलं असतं.

तिनं जे केलं ते किती मोलाचं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. जीव गेल्यावर दोन-चार तासांत शरीर आखडायला लागतं. आधी पापण्या, जबडा, मान, आणि मग हातपाय. उकाड्यात तर आणखी लवकर, आणि नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. हनुवटी वेळेत बांधली नाही तर तोंड उघडं राहतं आणि नंतर मिटता मिटत नाही. दर्शनाला आलेल्यांना तुमची आई शांत झोपल्यासारखी दिसली असेल, तर ते त्या पट्टीमुळे. दागिने मोजून घ्यायला लावणं हेही जाणतेपणाचं. पुढं घरात कुणी कुणाकडं बोट दाखवू नये म्हणून आम्हीही दागिने नातेवाइकांसमोर मोजूनच देत असू. स्वतःचं माणूस खाटेवर असताना तिनं हे केलं. तिच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

पण ताई, तिचे हात चालले, कारण गेली ती तिची आई नव्हती. तुमचे चालले नाहीत, तुम्हीच लिहिलंय की नुसत्या उभ्या होतात. भावाचे पाय बाहेर वळले. तुमच्या दोघांचं एकच झालं होतं. तुम्ही आत गोठलात, तो बाहेर. मुलगे असे जिन्यात उभे राहिलेले मी नोकरीभर पाहिले. फोन कानाला लावलेला आणि पलीकडं कुणीच नाही. काही जण शववाहिकेचंच तीन-तीनदा विचारायचे. आत यायचं म्हटलं की दारातूनच मागं फिरायचे. त्यानं यायला हवं होतं, हे मी नाकारत नाही. तुम्हाला एकटीला तिथं ठेवलं, त्याचं तुम्हाला लागलं, आणि ते लागणारच. पण आईची माया नव्हती म्हणून तो आला नाही, हे मी मानणार नाही. आदली रात्र तो तिथं जागून होता, हे तुमच्याच पत्रात आहे. गाडी कुणी आणली, घाटावर लाकडांचं कुणी पाहिलं, मडकं कुणी धरलं, मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेच्या झोन ऑफिसात कोण गेलं, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. ती कामं कुणीतरी केलीच ना?

त्या बाईचं चांगुलपण भावाला मोजायचं माप करू नका. तिनं ते त्यासाठी केलं नव्हतं.

मला तुमच्या पत्रात दुसरीच गोष्ट खटकली. भावाशी तुम्ही बोलत नाही, म्हणजे त्या पहाटेचं त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही. आईचे डोळे कुणी मिटवले, हनुवटीची पट्टी कुठून आली, त्याला माहीत नाही. ती त्याचीही आई. हे सगळं तुम्ही वर्षभर त्याच्यावरचा आरोप म्हणून जपून ठेवलंय, आणि त्याला ते आईची शेवटची खबर म्हणून हवं असेल.

म्हणून वर्षश्राद्धाच्या आठ-दहा दिवस आधी त्याच्या घरी जा. पाहुण्यारावळ्यांच्या गर्दीत नको, वहिनीसमोरही नको. जमलं तर दोघंच बसा आणि सगळं सांगा, त्या बाईनं पाजलेल्या चहापर्यंत. "तू कुठं होतास" हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. तो उठून गॅलरीत गेला तर जाऊ द्या, मागं जाऊ नका, पण निघूनही येऊ नका. परत आला की उरलेलं सांगा. कदाचित तोही त्या जिन्यातलं सांगेल. नाही सांगितलं तरी चालेल.

श्राद्ध कुणाच्या घरी करायचं, ते त्यानंतर दोघांनी मिळून ठरवा. साडीचोळी द्यायची तुमची इच्छा असेल, तर त्या दिवशी गावातल्या एखाद्या गरजू बाईला द्या, आणि ती घ्यायला भावाला सोबत न्या.