परतीच्या वाटेवर उधळणारी घोडी

प्रश्न : आमच्याकडे पाच वर्षांची काठेवाडी घोडी आहे. बाहेर पडताना ती शांतपणे चालते. मात्र घराकडे वळली की मान वर फेकते, लगाम चावते आणि दुडकीवरून थेट भरधाव सुटते. ओळखीच्या एका जाणकाराने काटेरी लगाम घालण्यास सुचवले आहे. तो घालावा का?
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : काटेरी लगाम कृपा करून घालू नये. प्राण्यांवर स्वार होताना किंवा त्यांना हाकताना काटे अथवा टोके असलेला लगाम वापरण्यास 1965 च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, आणि नियम नसता तरी माझे उत्तर हेच राहिले असते. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची जी मोकळी जागा असते, तिच्यावर लगामाचे लोखंड टेकते. तेथे हाडावर अगदी पातळ आवरण असते. तेथे जखम झालेला घोडा वेदनेपासून पळू लागतो, म्हणजे जी खोड मोडायची तीच वाढते.

शिकवण्याआधी घोडीला काही दुखत नाही ना, हे पाहावे. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत आणि झिजत राहतात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला आतून कापतात. पशुवैद्यकाकडून वर्षातून एकदा तरी तोंड तपासून त्या कडा कानशीने घासून घ्याव्यात. खोगीरही तपासावे. फेरीनंतर ते उतरवल्यावर पाठीवरचा घाम नीट पाहा : सगळी पाठ ओली असताना मध्येच एखादा कोरडा ठिपका राहिला असेल, तर तेथे खोगीर रुतत असण्याची दाट शक्यता आहे. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा हलकेच दाबत न्यावा. घोडी पाठ खाली दबवू लागली किंवा कान मागे पाडू लागली, तर काही दिवस स्वारी बंद ठेवावी. स्वार आणि खोगीर यांचे एकत्रित वजन घोडीच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावे.

या दोन्ही गोष्टी ठीक असतील, तर आपल्या हाताकडे वळू. घोडा लगामाच्या ओढीतून फारसे शिकत नाही. ओढ ज्या क्षणी सुटते, त्या क्षणी तो काय करत होता, ते त्याच्या लक्षात राहते. दोन्ही हातांनी लगाम सतत खेचून धरला, तर घोडीला तोंड रेटायला आयता आधार मिळतो आणि ती जोर लावतच राहते. म्हणून मांड, म्हणजे खोगिरावरची बैठक, खोल ठेवून, श्वास सोडून, एकाच बाजूच्या लगामावर बोटे मिटावीत, तिला मोठ्या वर्तुळात वळवावे आणि तिने जबडा सैल करून मान किंचित खाली घेताच बोटे तत्काळ उघडावीत. बोटे उघडायला उशीर झाला की धडा वाया जातो. हे सर्व मोकळ्या शेतात, सावकाश चालीत पक्के करावे, कारण भरधाव घोडीला अचानक आखूड वळवले तर ती स्वारासह कोसळू शकते.

घराची ओढ लागण्याचे कारण बहुधा साधे असते : घरी पोहोचताच खोगीर उतरते आणि चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मिळते. ही सांगड तोडावी. विसावा आणि मूठभर हिरवा चारा लांबच्या शेतात द्यावा, दारात आल्यावर दहा मिनिटे वर्तुळात चालवावे आणि चंदी तासाभराने ठेवावी. घोडी जेथून घाई करू लागते ती जागा आपल्याला ठाऊक असेलच. तिच्या अलीकडेच, चाल अजून शांत असताना, तिला मागे वळवावे.

गळीत हंगामात बावड्याकडे येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर सध्या तरी जाऊ नये. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसते, पण शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही, आणि मागून खडखडत येणारी ट्रॉली त्याला नेमकी तेथेच गाठते. आधी शेतात लांब उभे राहून तिला ट्रॉल्या बघू द्याव्यात. तिने मान खाली घालून चरायला सुरुवात केली की थोडे पुढे सरकावे.

प्रश्न : घोड्याला केवळ उसाच्या वाढ्यावर (तोडणीनंतर उरणाऱ्या हिरव्या शेंड्यांवर) ठेवता येईल का?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : नाही. म्हशीचे पोट वाढे पचवते, तसे घोड्याचे पचवत नाही. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच ते सात किलो चांगले वाळलेले गवत लागते. वाढे त्याच्या जोडीला थोडेसे, बारीक कुट्टी करूनच द्यावे. चारा बदलायचा असेल, तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. घोड्याला ओकारी करता येत नाही, त्यामुळे एकाएकी झालेल्या बदलाने उठणारा पोटशूळ जिवावर बेतू शकतो. घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, पुनःपुन्हा लोळू लागला आणि त्याने लीद टाकणे थांबवले, तर घरगुती काढा पाजत न बसता लगेच पशुवैद्यकाला बोलवावे आणि तोवर चारा समोरून काढून घ्यावा.