एटीआर आत्ता की ए३२० नंतर?

तुमच्याकडे सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आहे, एटीआर ७२ या छोट्या टर्बोप्रॉप (पंख्याच्या) विमानावरच्या नोकरीची ऑफर हातात आहे आणि ए३२० या मोठ्या जेटच्या ऑफरवर रुजू होण्याची तारीखच नाही. मी एटीआर घ्या म्हणेन. एटीपीएलसाठी (कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरचा परवाना) लागणारे उड्डाणाचे १५०० तास टर्बोप्रॉपवरही मोजले जातात. शिवाय कोल्हापूरसारख्या विमानतळांवरची छोटी उड्डाणं म्हणजे दिवसाला जास्त लँडिंग, आणि हात त्यातूनच बसतो. घरी बसून तास वाढत नाहीत, उलट सराव जातो.

मात्र सही करण्याआधी बाँड (ठरावीक वर्षं कंपनी न सोडण्याचा करार) नीट वाचा: किती वर्षांचा, रक्कम किती, टाइप रेटिंगचा (त्या विशिष्ट विमानासाठीच्या प्रशिक्षणाचा) खर्च कोणाचा, त्याच कंपनीत पुढे जेटवर जाता येतं का. नोकरी सोडताना सहवैमानिकाला ६ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही हिशेबात धरा. आखाती कंपन्या मात्र बहुधा जेटचेच तास मागतात. तिकडे जायचं असेल तर लांबलचक बाँड टाळाच.