पुदिना आणि बेसिल घरी वाळवताना पानं काळी पडतात, उन्हात वाळवू का?

थेट उन्हात नको, सावलीतच वाळवा पण हवा खेळती पाहिजे. उन्हाने रंग तर उडतोच, पण वास ज्या तेलामुळे येतो तेही उडून जातं, मग उरतो नुसता पाला. काळी पडतात ती बहुतेक ओलाव्याने, या दोन्हींची पानं पाणीदार असतात त्यामुळे जुडी टांगण्यापेक्षा पानं खुडून, नीट पुसून सुती कापडावर एकेरी पसरा आणि अधूनमधून हलवत राहा, मी कुंडीतला पुदिना असाच करते. ओरेगानो, थाइम जुडीने टांगलं तरी चालतं. पान बोटांत चुरचुर मोडलं की मगच बरणीत, जरा मऊ असेल तर बुरशी धरणारच. फक्त कोथिंबीर वाळवत बसू नका, वास राहत नाही, चिरून फ्रीझरला टाकलेली बरी.