वाचक विचारतात : भिंतीवरची पाच वर्तुळं

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानाकडच्या भिंतीवर ऑलिम्पिकची पाच वर्तुळं रंगवायची आहेत. खाली खंडांची नावं घालणार आहोत. निळं युरोप, पिवळं आशिया, काळं आफ्रिका, हिरवं ऑस्ट्रेलिया, तांबडं अमेरिका, हे बरोबर ना?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : बाई, वर्तुळं जरूर रंगवा, पण खाली खंडांची नावं घालू नका. पाच वर्तुळं म्हणजे जगाचे पाच भाग, एवढं खरं. अमुक रंग तमुक खंडाचा असं आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या पिएर द कुबर्तां यांनी ठरवल्याचा कुठलाही पुरावा नाही. १९१३ साली त्यांनी हे चिन्ह काढलं, तेव्हा त्यांचा हिशेब वेगळा होता. पाच रंग आणि मागचं पांढरं कापड मिळून सहा रंग होतात. त्या वेळच्या देशांचे झेंडे या सहा रंगांत येत होते. स्वीडनचा निळा-पिवळा घ्या, ग्रीसचा निळा-पांढरा घ्या. कोणाला एकेक रंग वाटून द्यायचा नव्हता, सगळ्यांचे रंग एका कापडावर आणायचे होते. खंडांची जोडी मागाहून चिकटली. ऑलिम्पिकच्या अधिकृत पुस्तिकेतही ती होती, पण १९५१च्या सुमारास काढून टाकली. आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून मात्र ती अजून जात नाही. काळ्या वर्तुळाखाली ‘आफ्रिका’ वाचून पोरांच्या मनात काय बसेल याचाही विचार करा. मला तर एवढं एकच कारण पुरेसं वाटतं.

रंगवताना वरच्या ओळीत डावीकडून निळं, काळं, तांबडं आणि खाली पिवळं, हिरवं. वर्तुळं नुसती शेजारी टेकवायची नाहीत, साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकवायची : पिवळं निळ्यात आणि काळ्यात, हिरवं काळ्यात आणि तांबड्यात. पेंटरला आधी खडूने काढून दाखवायला सांगा.

आणि खाली काही लिहायचंच असेल तर ‘अँटवर्प, १९२०’ असं लिहा. पाच वर्तुळांचा हा ध्वज ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा फडकला तो बेल्जियममधल्या या शहरात. १९१६चं बर्लिन ऑलिम्पिक महायुद्धात रद्द झालं होतं. युद्धात होरपळलेल्या बेल्जियमला मान म्हणून पुढचा खेळ तिथे दिला गेला. १४ ऑगस्टला उद्घाटन झालं, बेल्जियमच्या व्हिक्टर बॉइन यांनी खेळाडूंची पहिली शपथ घेतली. सगळ्यांना एका कड्यात गुंफणारा हा ध्वज वर चढत होता, आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी यांना मात्र निमंत्रणच नव्हतं. मुलांना हेही सांगा.

त्या मैदानावर आपली माणसं होती! पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यांनी खटपट करून संघ पाठवला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. तिथली मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिम्पिकमधली सर्वांत लांब. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे. सदाशिव दातार, कैकाडी, कुमार नवले, पूर्मा बॅनर्जी हे बाकीचे. खंडांच्या जागी ही सहा नावं शोभतील.

जाता जाता : हॅल प्रीस्ट नावाचा, पाण्यात सूर मारणारा अमेरिकन खेळाडू त्या खेळांतला एक ध्वज खांबावर चढून काढून घेऊन गेला. तो त्याच्या सुटकेसमध्ये पडून होता. २००० साली, वयाच्या १०३व्या वर्षी, त्याने सिडनीत जाऊन तो परत केला.

प्रश्न : क्रीडामहोत्सवात आम्ही मशाल धावत आणतो. एका पालकांनी ‘ही हिटलरची प्रथा’ म्हणून हरकत घेतली. मशाल बंद करावी का?
– एक क्रीडाशिक्षक, नाशिक

उत्तर : पालक म्हणतात त्यात तथ्य आहे. ग्रीसमधल्या प्राचीन ऑलिंपियात, जिथे मूळचे खेळ होत, वेदीवर अग्नी असे, पण मशालीची दौड त्या खेळांत नव्हती. १९२८ला अ‍ॅमस्टरडॅमच्या मनोऱ्यावर ज्योत पेटली, तीही दौडीविना. दौडीची कल्पना १९३६च्या बर्लिनची, तिथले एक आयोजक कार्ल डीम यांची. ऑलिंपियात आरशाने उन्हाचे किरण एकवटून ज्योत पेटवली आणि तीन हजारांवर धावपटूंनी ती बर्लिनला नेली. नाझींना तो देखावा हवाच होता. ज्या वाटेने ती गेली, त्या वाटेवरचे ग्रीस, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया पाच वर्षांच्या आत त्याच राजवटीच्या टाचेखाली आले.

पण १९४८ला लंडनसाठी ज्योत निघाली, तेव्हा पहिला धावपटू होता ग्रीक सैनिक. त्याने शस्त्र खाली ठेवलं, गणवेश उतरवला आणि मग तो धावला. १९६४ला टोकियोत ज्योत पेटवली योशिनोरी साकाई यांनी. हिरोशिमावर बाँब पडला त्याच दिवशी, त्याच प्रांतात जन्मलेला हा मुलगा. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा फक्कीने मैदान आखून झालं की मशाल आणायचोच, आणि मुलांना आधी बर्लिनची गोष्ट सांगायचो, मग या दोन. तुम्हीही मशाल आणा. त्या पालकांनाच पाहुणे म्हणून बोलवा आणि बर्लिनचा भाग त्यांना सांगू द्या.

प्रश्न : सुवर्णपदक अख्खं सोन्याचं असतं का?
– सातवीतला वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही रे बाळा. १९१२च्या स्टॉकहोमनंतर अख्ख्या सोन्याचं पदक दिलेलं नाही. आत चांदी, वरून किमान ६ ग्रॅम सोनं. १८९६ला अथेन्समध्ये तर पहिल्या आलेल्याला चांदीचंच पदक आणि ऑलिव्हची फांदी मिळायची. पॅरिसच्या २०२४च्या पदकांत आयफेल टॉवरच्या जुन्या लोखंडाचा १८ ग्रॅमचा षटकोनी तुकडा बसवला होता. तुझ्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेंना नेमबाजीत मिळालेल्या कांस्यपदकातही तो आहे.